घाडींनी केलेली कॉलेजची चौकशी

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. कल्याण पश्चिमेला, आधारवाडीजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गुणाजी घाडींनी बेल वाजवली. गाडीसाठी कर्ज मागणारा माणूस ३०२मध्ये राहत होता. घाडींनी वाजवली ती ३०३ची बेल.

आधी शेजारी किंवा वॉचमन, सगळ्यात शेवटी तो माणूस, अशी त्यांची पद्धत आहे. शेजाऱ्याला तयारी करायला वेळ मिळालेला नसतो.

दार उघडणाऱ्या बाईंनी ओले हात गाऊनला पुसले. घाडींनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

"बँकेच्या कामासाठी आलोय, ताई. समोर कोण राहतं?"

"का? काय केलं त्यांनी?"

"काही नाही. गाडी घेतायत."

"गाडी?" बाईंनी समोरच्या बंद दाराकडे नव्याने पाहिलं. "भाड्याने राहतात ते. गाडी लावणार कुठे? आमच्या मिस्टरांच्या जागेवर?"

अर्जात 'स्वतःचं घर' असं लिहिलेलं होतं. घाडींनी बाईंचे आभार मानले आणि ३०२च्या दारावरची नावाची पाटी पाहिली. पाटी नवी होती, स्क्रूही नवे होते आणि पाटीच्या चारी बाजूंनी आधीच्या मोठ्या पाटीचा फिकट चौकोन दिसत होता. मग त्यांनी ३०२ची बेल वाजवली.

घाडी चौपन्न वर्षांचे आहेत. मूळ गाव कणकवलीजवळ, घर डोंबिवली पूर्वेला गोग्रासवाडीत. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत ते एकोणीस वर्षं होते. कंपनी बंद पडली तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, ते हे काम करतात. कर्ज देण्याआधी अर्जदार सांगतो तिथे राहतो का, सांगतो तिथे नोकरी करतो का, हे पाहायला बँका माणूस पाठवतात. तो माणूस बँकेचा नसतो, एजन्सीचा असतो. टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंतच्या केसेस घाडींकडे येतात, रोज आठ-दहा. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी तीनपैकी एक शब्द लिहावा लागतो : पॉझिटिव्ह, निगेटिव्ह किंवा रेफर. रेफर म्हणजे आम्ही पाहिलं ते लिहिलं, ठरवायचं तुम्ही.

या धंद्यात न जाता रिपोर्ट भरणारे पुष्कळ आहेत. चहाच्या टपरीवर बसून सहा घरं 'पाहणारी' माणसं घाडींना ठाऊक आहेत. त्यांनी स्वतः तसं एकदाही केलेलं नाही, आणि नव्या पोरांना ते हे इतक्या वेळा सांगतात की पोरं त्यांना येताना पाहून विषय बदलतात.

त्या मंगळवारी त्यांच्या बॅगेत सात केसेस होत्या आणि एक आठवा कागद होता, जो कुठल्याच बँकेचा नव्हता.

तो कागद म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एका मॅनेजमेंट संस्थेच्या माहितीपुस्तिकेतलं पान होतं. घाडींची एकुलती एक मुलगी संचिता चोवीस वर्षांची. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका मालवाहतूक कंपनीत दोन वर्षं नोकरी करते. तिला एमबीए करायचं होतं आणि तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक या संस्थेत : दोन वर्षं, दिवसभराचं, काचेची इमारत, ठाण्यात नाव घेतलं की लोक "अरे वा" म्हणतात अशी. फी तेरा लाख ऐंशी हजार. दुसरी कल्याणच्या एका जुन्या कॉलेजात : तीन वर्षं, संध्याकाळचे वर्ग, नाव घेतलं की लोक "ते अजून चालू आहे?" असं विचारतात. तीन वर्षांचे मिळून दोन लाख दहा हजार. घोडबंदरसाठी नोकरी सोडावी लागणार होती आणि कर्जावर घाडींची सही लागणार होती. दोन्हीकडची मुदत एकाच दिवशी संपत होती, शनिवारी.

संचिताला घोडबंदर हवं होतं. तिने पुस्तिका आणली, जेवायच्या ताटाशेजारी उघडून ठेवली. मागच्या बॅचच्या बेचाळीस मुलामुलींचे फोटो, प्रत्येकाखाली नाव, गाव, कंपनी आणि हुद्दा.

"बघा पप्पा, शंभर टक्के प्लेसमेंट."

घाडींनी पान उजेडात धरलं. "शंभर टक्के कधी काही नसतं," ते म्हणाले. "माझ्या चौदा वर्षांत शंभर टक्के खरा असा एकच अर्ज आला, आणि तो माणूस केस पास व्हायच्या आधी वारला."

"जेवताना काय हो ते," रतन, त्यांची बायको, म्हणाली.

बेचाळीसपैकी तीन जणांची गावं त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होती. सागाव, टिटवाळा, टेंभी नाका. त्यांनी घरात काहीच सांगितलं नाही. पान घडी करून बॅगेत टाकलं.

सागाव त्याच दिवशी दुपारी झालं. पुस्तिकेतला दिपेश मढवी एका बांधकाम कंपनीत 'मॅनेजर, बिझनेस डेव्हलपमेंट' होता. सागावात मढव्यांचं घर विचारायला लागलं नाही. तीन मजली बंगला, खाली ओटा, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत दिपेशचे आजोबा, काळुराम मढवी, पाय वर घेऊन बसलेले.

"दिपेश इथेच राहतो का?"

"नातू माझा. तुला काय पायजे?"

"नाही, कॉलेजच्या मुलांची माहिती घेतोय. तो नोकरीला कुठे आहे?"

"नोकरी?" म्हाताऱ्याने समोर बोट केलं. रस्त्यापलीकडे गाळ्यावर मोठा बोर्ड होता : मढवी डेव्हलपर्स. "तय बसतो. बापाचे हापिसात. आता नाय सापडायचा, जेवून झोपलाय."

"मग कॉलेजनं नोकरी दिली ती?"

"कालेजनं?" काळुराम इतके हसले की त्यांना खोकला आला. "अरे, कालेजचा मानूस आलता आमचेकडं. फोटो घेतलान, बोर्डाचा पन घेतलान. बोलला, तुमची कंपनी आमचे पुस्तकात लावतो. मी बोललो लाव, आमचं काय जातंय?"

घाडींनी वहीत याच्या अकरा ओळी लिहिल्या. ओट्यावरच्या खुर्चीचा रंगसुद्धा लिहिला.

बुधवारी सकाळी टिटवाळा. दिशा तरे, एका खासगी बँकेत सहायक व्यवस्थापक. दोन ठिकाणी विचारल्यावर नव्या वसाहतीतली चौथी इमारत सापडली. वॉचमन म्हणाला, ताई सकाळी पावणेसातला निघतात, गळ्यात बँकेचा पट्टा असतो, परत यायला साडेआठ. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, त्यांच्या मुलीचं खातं दिशानेच उघडून दिलं, त्याच बँकेत. आणखी काही विचारायचं राहिलं नव्हतं. घाडींनी वहीत एक शब्द लिहिला : पॉझि.

दुपारी ते टेंभी नाक्याला गेले. मयूर वैती, एका वित्तसंस्थेत 'सीनियर रिलेशनशिप मॅनेजर'. जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वैतींचं दार. घाडींनी नेहमीप्रमाणे समोरची बेल वाजवली. दार उघडलं ते शीला नावाच्या, पन्नाशीच्या बाईंनी.

"मयूर वैती इथेच राहतात ना? चांगला मुलगा आहे का? नोकरी कुठे करतो?"

"तुम्ही कुठून आलात?"

इथे घाडी अडखळले. सागावात म्हाताऱ्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता आणि टिटवाळ्याच्या वॉचमनला ते तोंडओळखीचे होते. ओळखपत्र बॅगेत होतं, पण बँकेची केस नसताना ते बाहेर काढायचं नाही हा नियम ते स्वतःच पोरांना शिकवत. त्यांनी जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"डोंबिवलीहून."

शीलाबाईंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पन्नाशी उलटलेली, हातात वही. चेहरा एकदम खुलला.

"अगं बाई, मयूरसाठी होय! मग दारात काय उभे राहिलात? आत या, पाणी घ्या."

एका वाक्यात हा गैरसमज दूर करता आला असता. घाडी आत गेले आणि खुर्चीवर बसले. कर्जाची चौकशी म्हटली की शेजारी हातचं राखून बोलतात आणि लग्नाची म्हटली की पदरचं घालून बोलतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी ते बसले, कारण बाई बोलायला तयार होत्या.

"मुलगा म्हणजे काय सांगू! सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. नवरात्रात नाक्यावर एवढी गर्दी असते, पण हा नऊ दिवस आईला हाताला धरून दर्शनाला नेतो."

"पगार?"

"लाखाच्या खाली नाही."

"हातात?"

"हातात म्हणजे हातातच येणार ना, पायात कसा येईल?" बाई स्वतःच हसल्या. "मुलगी काय करते तुमची?"

"नोकरी. आता एमबीए करणार आहे."

"अय्या, हाही एमबीएच! एकुलती का? पत्रिका बघता तुम्ही?"

"नाही."

"जयाताई बघतात. मयूरची आई. आत्ता बाजारात गेल्यात. नंबर देऊन ठेवा तुमचा."

नंबर न देणाऱ्या माणसाचा घाडींना स्वतःला संशय येतो. त्यांनी नंबर दिला.

गुरुवारी सकाळी साडेसातला ते अंघोळीला गेले असताना मोबाइल वाजला. रतनने उचलला. पलीकडून जया वैती बोलत होत्या. तुमचे मिस्टर काल येऊन गेले, माझी भेट झाली नाही, राग मानू नका. मुलीचा फोटो आणि पत्रिका पाठवा. आणि तिला सांगा, आमच्याकडे लग्नानंतर शिकायला ना नाही.

घाडी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा रतन आणि संचिता दोघी मोरीच्या दाराशी उभ्या होत्या.

"अहो, तुम्ही हिच्यासाठी स्थळ बघायला गेलेलात?"

"कोण, मी?"

"टेंभी नाक्याला कोण गेलेलं मग? शेजारच्या बाईकडे पाणी कोण प्यायलं?"

संचिता शांतपणे म्हणाली, "फी जास्त आहे तर तसं सांगायचं ना पप्पा. त्यापेक्षा लग्न स्वस्त पडतं, असं ठरवलंत का?"

घाडींना चौदा वर्षांत दारातून हाकललेलं आहे, एकदा कुत्रं सोडलेलं आहे. त्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही असं घरात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी बॅगेतून वही काढून टेबलावर ठेवली आणि शर्ट घालायला आत गेले.

ते परत आले तेव्हा संचिताचं वाचून झालं होतं.

"म्हणजे कॉलेजचं बघत होतात?"

"मग काय सांगतोय?"

"सांगताय कुठे? तीन दिवस झाले, एक अक्षर बोलला नाहीत." तिने पान उलटलं. "दिपेश मढवी, अकरा ओळी. खुर्चीचा रंगसुद्धा आहे. दिशा तरेला एक शब्द. पॉझि. तोही अर्धा."

"तिचं बरोबर निघालं. लिहायचं काय त्यात?"

"आणि कल्याणच्या कॉलेजचं पान कुठंय?"

ते नव्हतंच.

"एकही घर बघितलं नाहीत ना तिथलं? ते स्वस्त आहे म्हणून ते बरोबर. पप्पा, तुम्ही रिपोर्ट आधी लिहिलात आणि मग घरं बघायला गेलात."

रतनला वाटलं, आता हे चिडतील. घाडी खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या वहीकडे, पोरांनी टपरीवर भरलेल्या रिपोर्टकडे पाहावं तसं पाहत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक आहे ती."

त्याच सकाळी संचिताने जया वैतींना फोन केला. लग्नाचं नाही काकू, पप्पांबद्दल गैरसमज झाला, कॉलेजचं विचारायचं होतं, मयूरचा नंबर मिळेल का. जयाताई म्हणाल्या, "घे ना. बोला तर खरं. बाकीचं पुढचं पुढे." त्यांनी नंबर दिला आणि पत्रिकेचं पुन्हा एकदा सुचवलं.

मयूर दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोलला, वीस मिनिटं. पगार लाख नव्हता, एकसष्ट हजार होता. पुस्तिकेतली नोकरी त्याने अकरा महिन्यांत सोडली होती. तिथे विमा विकावा लागायचा आणि पहिल्या तीन पॉलिसी प्रत्येकाने आपल्या नातेवाइकांना विकल्या होत्या. आत्याने अजून त्याच्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही. "पण ती पहिली नोकरी नसती तर ही दुसरी मिळाली नसती," तो म्हणाला. "ते कॉलेजच्या नावावरच झालं. खोटं नाही बोलणार."

"पुन्हा तेच केलं असतंस?"

"मी तेव्हा काहीच करत नव्हतो ना. ग्रॅज्युएट होऊन घरी बसलेलो. मला फरक पडला. तू आत्ता नोकरी करतेयस. तुला किती पडेल, मला नाही सांगता येणार." मग त्याने विचारलं, "तुझे पप्पा खरंच बँकेचे आहेत? शीलाकाकू म्हणतात डिटेक्टिव्ह होते."

शुक्रवारी संचिताने अर्धा दिवस रजा घेतली आणि बापलेक कल्याणच्या कॉलेजात गेले. वही संचिताकडे होती. बोलायचं घाडींनी, लिहायचं तिने, असं ठरलं होतं.

ऑफिसात त्र्यंबक नावाचे एक कारकून होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. टेबलावर काचेखाली कुठल्याशा सहलीचा फोटो.

"शिक्षक किती आहेत?" घाडींनी विचारलं.

"आठ."

"आता आत गेलो तर आठ दिसतील?"

त्र्यंबकांनी चष्मा काढला. "जागा आठ आहेत हो. माणसं तीन आहेत."

"मग वर्ग कसे होतात?"

"बाहेरून सर येतात. कंपन्यांतली माणसं आहेत, शिकवतात चांगलं. पत्रीपुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले तर नाही येत."

"महिन्यातून किती वेळा अडकतात?"

"ते पुलाला विचारा."

संचिताने लिहिलं. घाडींनी नोकऱ्यांचं विचारलं. मुलांना नोकरीला लावता का? काही पुस्तिका वगैरे?

"पुस्तिका नाही. इथे येणारे सगळे नोकरीवरूनच येतात. साडेनऊला सुटलं की निम्मे डुलक्या खात जिना उतरतात." त्र्यंबकांनी खालच्या खणातून एक रजिस्टर काढलं, मागच्या बॅचचं. नावं, फोन नंबर, कुठे काम करतात तो रकाना, सगळं पेनाने लिहिलेलं, काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. ते त्यांनी टेबलावर फिरवून संचितासमोर ठेवलं. "बघा. फोटो काढू नका, हाताने उतरवून घ्या काय ते."

घाडींनी त्या खाडाखोडीकडे बराच वेळ पाहिलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "त्याने इतक्या सहज का दिलं? काहीतरी असेल."

"पप्पा, कोणी दिलं नाही तरी संशय, दिलं तरी संशय."

"असंच असतं ते."

तिने अकरा नंबर उतरवले होते. संध्याकाळी सगळे लावले, सात जणांनी उचलले. चौघांना त्याच कंपनीत वरची जागा मिळाली होती. दोघे होते तिथेच होते, त्यातल्या एकाने पदवीचा कागद अजून कॉलेजातून आणलेलाच नव्हता. एक जण घरी होता आणि तिलाच विचारत होता, तुमच्या कंपनीत जागा आहे का. घाडींनी शेजारी बसून प्रत्येकाचं ऐकलं. दिपेशला अकरा ओळी होत्या, कल्याणच्या पानावर तेवीस झाल्या. त्यातल्या पंधरा कॉलेजच्या विरुद्ध होत्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता घोडबंदरच्या संस्थेच्या प्रवेश विभागातल्या प्रीतम नावाच्या माणसाचा फोन आला. संचिताने स्पीकर लावला.

"गुड मॉर्निंग मॅम. आज पाचच्या आत कन्फर्म केलंत तर तुम्हाला दीड लाखाची स्कॉलरशिप देतोय आम्ही."

"कशाबद्दल?"

"तुमच्या प्रोफाइलबद्दल, मॅम."

"सोमवारी प्रोफाइल बदलणार आहे का माझी?"

"नाही मॅम, स्कीम बदलणार आहे."

"मागच्या बॅचचे फोन नंबर मिळतील का? बेचाळीसचे?"

"ते प्रायव्हसीमध्ये येतं, मॅम."

"फोटो येत नाहीत का प्रायव्हसीमध्ये?"

प्रीतमने सांगितलं की तो सिनियरशी बोलून पाच मिनिटांत फोन करतो. फोन चाळीस मिनिटांनी आला आणि त्यात स्कॉलरशिप एक लाख ऐंशी हजार झाली होती. नंबरांचा विषय निघाला नाही.

संचिताने वही वडिलांसमोर ठेवली. "शेवटचा शब्द लिहा. दोन्ही पानांवर."

घाडींनी पेन घेतलं. दिशा तरेचा एक शब्द, मढव्यांचा बोर्ड, मयूरचे एकसष्ट हजार, आठ जागांवरची तीन माणसं, घरी बसलेला तो मुलगा. घोडबंदरच्या पानाखाली त्यांनी लिहिलं : रेफर. कल्याणच्या पानाखाली लिहिलं : रेफर.

"हे काय?"

"ठरवायचं तू. कर्ज घ्यायचं ठरलं तर मी सही करेन, ते धरून ठरव."

तिने दुपारी दोन चाळीसला कल्याणच्या कॉलेजची फी भरली. पावतीचा फोटो तिघांच्या ग्रुपवर टाकला. घोडबंदरला एक ओळीचा ईमेल पाठवला. त्यानंतर प्रीतमचे दोन फोन आले, ते तिने घेतले नाहीत.

रतनने संध्याकाळी शिरा केला. घाडींनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "माझ्यामुळे नाही ना ठरवलंस?"

"नाही."

उत्तर फार लवकर आलं होतं. लवकर आलेलं उत्तर तयार ठेवलेलं असतं, हे त्यांना कामावरून माहीत होतं.

"नोकरी सोडायची नव्हती, एवढंच," संचिता म्हणाली. "मयूर बोलला ते पटलं. दोन वर्षांनी मी पुन्हा कुठेतरी ज्युनियर म्हणून लागणार आणि इथे तोवर माझ्या जागेवर दुसरी कोणीतरी सिनियर झालेली असणार. माझे साहेब पुढच्या वर्षी पुण्याला जातायत. त्यांची जागा रिकामी होतेय."

कारण चांगलं होतं. चांगली कारणं घाडींनी आयुष्यात पुष्कळ ऐकली आहेत. रात्रीची भांडी होईपर्यंत ते स्वयंपाकघरात उभे राहिले.

"तुला काय वाटतं? खरं सांगतेय ती?"

"मला काय विचारताय?" रतन म्हणाली. "मी काय शेजारीण आहे?"

सोमवारी त्यांची एक केस वागळे इस्टेटमध्ये होती. ती सव्वाबाराला संपली. संचिताची कंपनी तिथून दोन गल्ल्यांवर. तिचे साहेब खरंच पुण्याला जातायत का, हे गेटवरच्या वॉचमनकडून पाच मिनिटांत कळलं असतं. फार तर बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून. घाडींनी स्कूटर गेटसमोर लावली, हेल्मेट काढून हातात घेतलं.

"कोणाकडे?" वॉचमनने विचारलं.

घाडींनी आतल्या पार्किंगकडे, फलकावरच्या नावांकडे पाहिलं. मग हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

"कोणाकडे नाही," ते म्हणाले आणि पुढच्या केसला, तीन हात नाक्याकडे, निघाले.

मंगळवारी संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर वेळापत्रक आलं. संचिताने ते वडिलांना पाठवलं. घाडींनी चष्मा लावून, बोटांनी मोठं करून, डावीकडून उजवीकडे एकेक चौकोन वाचला. पहिला वर्ग उद्या, बुधवारी, संध्याकाळी सव्वासहा वाजता आहे. खोली क्रमांक चौदा, विषय व्यवस्थापनाची तत्त्वं. शिक्षकाच्या नावाचा रकाना कोरा आहे.